वहिनींनी मागितलेला टाक

दादा स्वतः होऊन कधी फोन लावत नाहीत. आलेला घेतात, तोही कानापासून वीतभर लांब धरून. त्यामुळे त्या सकाळी दहाच्या सुमारास मोबाईलवर त्यांचं नाव दिसलं तेव्हा चुकून बटण दाबलं गेलं असेल असंच मला वाटलं. मी जालन्यातल्या घरी होतो. फोन उचलला, तर पलीकडून नुसता श्वास. मग म्हणाले, "नामदेव, तुझी वैनी बोलून न्हाई राह्यली."

"म्हणजे? बरं नाही का?"

"च्या ठिवलाय म्होरं. घेऊन न्हाई राह्यली... तू ये."

जालन्याहून वडीगोद्रीला पोचायला मला सव्वा तास लागला. वहिनी ओसरीत भिंतीला टेकून बसलेल्या होत्या. पाय लांब केलेले, पदर डोक्यावरून नीट घेतलेला, आणि समोर साय धरलेला चहा. दादा शेजारी बसले होते. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, पण कुणी रडायला सुरुवात केली नव्हती, कारण दादांनी अजून काही म्हटलं नव्हतं. मी आत आलो तसे ते म्हणाले, "आता आला हा. आता घ्या खाली तिला."

याला आता दीड महिना होईल. कॉलेजच्या ग्रंथालयात मी तीस वर्षं नोकरी केली. दुसऱ्यांनी लिहिलेलं जपून ठेवायचं, मागितलं की काढून द्यायचं, एवढंच मला जमतं. स्वतः लिहायची सवय नाही. पण सोजराबाई या बाईबद्दल कुठल्याही कागदावर, मतदार यादी, शिधापत्रिका आणि एक पासपोर्ट सोडला तर, एक ओळही लिहिलेली नाही. हे मला आता सहन होत नाही, म्हणून लिहितो आहे.

वहिनी आमच्या घरात आल्या तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या आणि मी सहा. आई मला कळायच्या आत गेलेली. आम्ही धनगर, शंभरेक मेंढरं, एक घोडं, आणि पाऊसकाळ सोडला तर वर्षभर या रानातून त्या रानात. लग्न झालेली मुलगी धाकट्या दिराला नावाने हाक मारत नाही, ही आमच्याकडची पद्धत. दीर सहा वर्षांचा असला तरी नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्या मला "भावजी" आणि "तुमी" म्हणत. "भावजी, शेंबूड पुसा." "भावजी, चड्डी कुठंय तुमची?" लोक हसत. त्या हसत नसत. इतक्या मानाने मला त्याआधी कुणी हाक मारली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फार जणांनी मारली नाही.

मी शाळेत गेलो तो त्यांच्यामुळे. वडिलांचा हिशेब सरळ होता : पोरगा मेंढरांमागे गेला की एक गडी वाचतो. वहिनींना घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. सासऱ्यासमोर उभं राहून बोलायची तेव्हा पद्धत नव्हती, म्हणून त्या घोड्याकडे तोंड करून बोलल्या, "भावजींच्या वाटंची मेंढरं मी राखंन. त्यांना शाळंत घाला म्हणावं." वडील घोड्याला म्हणाले, "हिला सांग, पाय झिजतील." त्या म्हणाल्या, "झिजू द्या. माझेच हायेत." पुढची दहा-बारा वर्षं त्या खरोखरच माझ्या वाटची मेंढरं राखत होत्या. मी अंबडच्या वसतिगृहात राहून शिकलो. सुटीत तळावर गेलो की त्या चातीवर लोकर कातत बसत आणि मला म्हणत, "वाचा काही." मी पाठ्यपुस्तकातला धडा वाचायचो. त्या ऐकायच्या, सूत तुटू न देता. एका धड्यात कुणी मेंढपाळ झाडाखाली पावा वाजवत बसला होता आणि मेंढ्या त्याच्याभोवती शांत चरत होत्या. वहिनींनी हात थांबवला. "ह्या लिहिणाराच्या बापानंबी कधी मेंढरं राखली न्हाईत. पावा वाजवीत बसला आसता तर संध्याकाळपर्यंत निम्मी लांडग्यानं नेली असती." आयुष्यभर मी पुस्तकांत काम केलं, परीक्षणंही पुष्कळ वाचली, पण पुस्तकातलं खोटं इतक्या पटकन ओळखणारं माणूस मला परत भेटलं नाही.

ठकू त्यांची पहिली मुलगी. माझी पुतणी, पण माझ्याहून आठ वर्षांनीच लहान, त्यामुळे बहिणीसारखी. काळीसावळी, केस कायम मोकळे, आणि कायम काखेत एक कोकरू. सुटीत मी तिला पाटीवर अक्षरं शिकवायचो. ती 'ठ' काढून मध्ये एक टिंब द्यायची आणि म्हणायची, डोळा उघडा पाहिजे. ती आठ वर्षांची असताना गोदाकाठच्या एका रानात तळ होता. शेतकऱ्याच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवलेली. तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी वहिनींनी तिला बैलगाडीत घालून दवाखान्याकडे नेलं. वाटेतच ती गेली. त्याच वावराच्या बांधावर, हिवराच्या झाडाखाली तिला पुरलं. दुसऱ्या दिवशी पुढच्या रानाचा शब्द दिलेला होता, आणि मेंढरं तर थांबत नाहीत. वहिनी कळपामागे चालत निघाल्या. मी तेव्हा वसतिगृहात होतो. मला कळलं तेव्हा आठ दिवस उलटून गेले होते. पुढे दोन वर्षांनी त्या भागातून कालवा काढला गेला आणि त्यात तो बांधही गेला, हिवरही गेलं. वहिनींनी एकदा ती जागा शोधायचा प्रयत्न केला होता, हे मला फार उशिरा समजलं. कालव्याच्या काठावर उभं राहून त्यांना दिसलं ते वाहतं पाणी.

आता टाकांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे घरातलं मोठं माणूस गेलं की त्याचा टाक करतात : अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली आकृती. पुरुष असेल तर घोड्यावर बसलेला, बाई असेल तर पदर घेतलेली उभी. तो देव्हाऱ्यात बसतो आणि ते माणूस त्या दिवसापासून पितरांत जमा होतं. आमच्या घरी नऊ टाक होते. हिंडतीवर असताना ते वेताच्या टोपलीत, घोड्याच्या पाठीवर आमच्याबरोबर चालत. दर अवसेला वहिनी चिंचेने ते घासत आणि घासता घासता प्रत्येकाची हकिगत सांगत. हा वाघाशी झटलेला. ही दुष्काळात सगळ्यांना वाढून स्वतः उपाशी राह्यलेली. हा नुसताच तोंडाळ, पण मेंढरू आजारी पडलं की ह्याला कळायचं. सासरच्या सात पिढ्या त्यांना जितक्या माहीत होत्या तितक्या आम्हाला नव्हत्या.

आणि या नवांत ठकू नव्हती. लग्न न झालेल्या लेकराचा टाक करत नाहीत. लेकरू पितरांत जात नाही, अशी रीत. वहिनींनी पन्नास वर्षांत तीनदा टाक मागितला. पहिल्यांदा सासऱ्यांकडे, ठकू गेली त्याच वर्षी. दुसऱ्यांदा सासरे गेले आणि त्यांचा टाक करायला सोनाराकडे जायचं होतं तेव्हा, दादांकडे. दादा म्हणाले, "रीत न्हाई." मी त्या वेळी नुकताच नोकरीला लागलो होतो, चार पुस्तकं वाचून शहाणा झालो होतो. मी त्यांची समजूत काढायला गेलो. म्हटलं, "वहिनी, चांदीच्या पत्र्यात काय असतं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "पुस्तकात काय असतं भावजी? कागदच न्हवं?" मी तेव्हा विषय बदलला. लाज मात्र वाटायला आणखी वीस वर्षं जावी लागली.

तिसऱ्यांदा त्यांनी टाक मागितला तो कोरियात.

ठकूनंतर बऱ्याच वर्षांनी झालेला त्यांचा मुलगा कैलास सोलजवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. मागच्या ऑक्टोबरमध्ये त्याने हट्टाने दोघांना महिनाभरासाठी बोलावून घेतलं आणि सोबत मलाही. वहिनी पंचाहत्तरीच्या पुढे, दादा ऐंशीचे. कैलासला कारखान्यातल्या कामापुरतीच तिथली भाषा येते. पण त्याची बायको सीमा, परतूरच्या धान्य व्यापाऱ्याच्या घरातली, बाजारात घासाघीस करून करून ती भाषा फडाफड बोलायला शिकली आहे. एका शनिवारी कैलासची ड्यूटी होती, तर सीमा म्हणाली, मी नेते तुम्हाला फिरायला. राजवाडा बघायचा की मनोरा? मी म्हणालो, तिथे जोंगम्यो म्हणून एक जुनं ठिकाण आहे, मी वाचलंय त्याबद्दल. पाचशे वर्षं राज्य केलेल्या घराण्याचे सगळे राजे-राण्या तिथे ठेवलेत.

"ठिवलेत म्हंजी?" वहिनी म्हणाल्या. "मढी?"

"नाही. प्रत्येकाच्या नावाची लाकडी पाटी. तिची पूजा करतात."

"मंग टाकच की," त्या म्हणाल्या. "चला तिथंच."

तर अशी आमची वरात निघाली. वहिनींचं नऊवारी लुगडं, वर कैलासचं फुगीर जाकीट. दादांचं धोतर, तांबडा पटका आणि पायात सुनेने आणलेले पांढरेशुभ्र बूट. मेट्रोत एक म्हातारा उठून दादांना जागा देऊ लागला. दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खाली बसवलं. "तूच बस बाबा. माझ्यापरास तूच म्हातारा दिसून राह्यला." दादा काय म्हणाले, असं तो वाकून सीमाला विचारू लागला. सीमा म्हणाली, "काका, हे मी नाही सांगणार त्यांना."

फाटकातून आत गेलं की दाट झाडी, आणि झाडीतून जाणारी खडबडीत दगडांची वाट. वाटेचे तीन पट्टे. मधला दोन्ही बाजूंपेक्षा थोडा उंच. दादा सरळ त्या मधल्यावर चढले आणि चालू लागले. यात त्यांची चूक नाही. जन्मभर मेंढरांमागे हिंडलेला माणूस, उंचवटा दिसला की त्यावरून चालणार. तिथून चहूकडे नजर राहते. वीस पावलं गेले असतील, तोच जांभळा अंगरखा घातलेली एक बाई दोन्ही हातांची फुली करून धावत आली.

सीमा ओरडली, "मामा, खाली उतरा! ती वाट माणसांची नाही. पितरांची आहे!"

दादा चटकन उतरले. पण वहिनींचा चेहरा पांढरा पडला. परक्या देशात, कुणाच्या तरी पितरांच्या वाटेवर, आपल्या माणसाने बूट घालून पाय दिला होता. "सांगता येत न्हाई व्हय पहिलं?" असं सुनेला म्हणत त्यांनी कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा काढला, मधल्या वाटेच्या दगडावर वाहिला आणि वाकून तिथे डोकं टेकलं. राखाडी दगडावर हळदीचा पिवळाधमक ठिपका.

"आत्या! अहो, काय केलंत हे!" सीमाने रुमाल काढून पुसायला सुरुवात केली, तशी हळद आणखीनच पसरली. ती त्या बाईसमोर परत परत वाकून माफी मागत होती. ती बाई माझ्याच वयाची असेल. पुढे कळलं की निवृत्त शिक्षिका होती, हौसेने इथे माहिती सांगायला यायची. तिने खाली बसून बोटाने ती पूड उचलली, वास घेतला आणि सीमाला काही विचारलं.

"विचारतात, ही जेवणात घालतात ना?"

"त्यांना म्हणावं, जेवणातबी घालतो अन देवालाबी वाहतो," वहिनी म्हणाल्या. "येगळं कशाला लागतंय?" आणि बाईंच्या बाटलीतलं पाणी घेऊन त्यांनी तो दगड स्वतःच्या पदराने लख्ख पुसला. ठिपका पुरता गेला नाही. बाईंनी विचारलं, की त्यांनी हे का केलं. सीमाने सांगितलं : सासऱ्यांचा पाय पडला, त्याची माफी मागितली. तशी बाईंनी वहिनींना कमरेत वाकून नमस्कार केला, आणि पुढचा सगळा वेळ त्या आमच्यासोबतच चालल्या.

एका खोलीत आतल्या दालनाची प्रतिकृती मांडलेली होती. त्यात ती लाकडी पाटी, आणि तिला आरपार एक भोक. आत्म्याला ये-जा करायला, असं बाईंनी सांगितलं. वहिनी किती तरी वेळ ते भोक बघत होत्या. "आपल्या टाकाला भोक न्हाई. आपले कुठून येत असतील?"

"आपले येत न्हाईत," दादा म्हणाले. "आपल्यालाच जावं लागतंय तिकडं."

मग मोठं अंगण आलं. ओबडधोबड दगडांची फरशी, आणि समोर लांबच लांब एकच छप्पर, त्याखाली बंद दारांची रांग. रंगीत नक्षी नाही, कोरीवकाम नाही. मी पुष्कळ देवळं पाहिली आहेत, पण इतकं गप्प बसलेलं देऊळ पाहिलं नव्हतं. वहिनींनी विचारलं, "समदे राजे हायेत का आत? वाईट निघालेलेबी?" बाई म्हणाल्या, दोघांना गादीवरून काढलं होतं, त्यांना जागा नाही. "बराबर," वहिनी म्हणाल्या. शेजारी, भिंतीपलीकडे तसंच पण लहान घर होतं. ज्यांचा मान थोडा कमी, त्यांना इथे ठेवलंय, असं बाई सांगत होत्या. आणि मग त्यांनी एका बंद दाराकडे हात केला. इथे एक राजपुत्र आहे. गादीवर कधीच बसला नाही. लहानपणीच वारला. पण बऱ्याच वर्षांनी पुढच्या राजाने त्याला राजाचा मान दिला, आणि त्याची पाटी इथे बसवली.

"किती वर्साचा व्हता?"

"नऊ-दहा वर्षांचा, आत्या."

"म्हंजी लेकरूच."

"हो."

"आन त्याला आत घेतलं? थोरांमधी?"

"हो, आत्या."

वहिनींनी हे सीमाकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग दादांकडे वळल्या. "ऐकलं का?"

"ऐकलं," दादा म्हणाले. "राजाचं पोरगं व्हतं ते."

"मंग माझी कुणाची व्हती?"

त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. पण दादा तिथून निघाले आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ करून उभे राहिले. सीमा माझ्याकडे बघू लागली. "काका... कुणाबद्दल बोलतायत आत्या?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला माहीतच नव्हतं. बहुधा कैलासलाही नीट माहीत नव्हतं. आमच्या घरात ते नाव कुणी घेत नव्हतं. वहिनींनी घेतलं तर दादा उठून जात, म्हणून त्यांनीही सोडलं होतं. हजारो मैलांवर, दुसऱ्यांच्या पितरांच्या अंगणात उभं राहून मी तिला सांगितलं, की तिच्या नवऱ्याला एक मोठी बहीण होती. आठ वर्षांची. काखेत कोकरू घेऊन हिंडायची. सीमाने डोळे पुसत ते बाईंना सांगितलं. बाईंनी एकच विचारलं : नाव काय? आणि मग वहिनींसमोर येऊन त्यांनी ते नाव हळू, जपून उच्चारलं. "ठकू." पन्नास वर्षांत ते नाव घराबाहेरच्या कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "व्हय. ठकूच." त्यांनी बाईंचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

बाहेरच्या बागेत बाकावर बसून आम्ही सीमाने आणलेल्या भाकरी आणि ठेचा काढला. दादा जेवेनात. भाकरीचा तुकडा हातात तसाच. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "तिला गाडीत घातली तव्हा मी संग यायला पायजे व्हतो. दुपारपस्तोर मेंढराजवळ थांबलो. म्हटलं ताप तर हाय, उतरंल... टाक केला आसता तर रोज डोळ्याम्होरं आली आसती ती."

रीत, रीत म्हणून आम्ही पन्नास वर्षं जे ऐकत आलो, ते हे होतं.

"माझ्या तर हायेच की रोज," वहिनी म्हणाल्या. "मला म्हाईत हाय तुमचं. म्हणून तर तीनदाच मागितला. खावा आता."

आणि दादा जेवले.

मला वहिनींचं जे थोरपण वाटतं ते या वाक्यात आहे. नवरा कशाला भितो हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. त्याला ते तोंडावर म्हणून दाखवण्याचा त्यांना पुरता हक्क होता. त्यांनी ते पन्नास वर्षं केलं नाही. आणि मागणी सोडलीही नाही. गप्प राहणं आणि माघार घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पुस्तकांतून नाही, त्यांच्याकडून शिकलो.

परत आल्यावर चंपाषष्ठीला भावकी जमली. देवांना अंघोळ झाली, तळी उचलली, आणि दादांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की ठकूचा टाक करायचा आहे. आमचे चुलतभाऊ तात्या वयाने दादांच्या बरोबरीचे, आणि रीतीच्या बाबतीत दादांच्याही पुढे. "लेकराचा टाक? कुठं पाह्यलं असं?"

"कोरियात," दादा म्हणाले.

लोक हसले. तात्या म्हणाले, "कोरियाची रीत वडीगोद्रीत कव्हापासून आली?"

"तुझ्या पोराच्या हातात मोबाईल हाय तो कुठला? तिथला मोबाईल चालतो, रीत चालत न्हाई व्हय?"

हशा ओसरल्यावर तात्यांनी विचारलं, "पण आज एकाएकी कुणी काढलं हे?" दादा म्हणाले, "ठकूच्या मायनं मागितलाय." आमच्याकडे नवरा बायकोला थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतो. ठकू गेल्यापासून दादा वहिनींना नुसतं "अगं" म्हणत, पुढे कैलास झाल्यावर "कैलासची माय". ते जुनं नाव त्यांच्या तोंडून आलं तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मग तात्यांनीच भंडारा उधळला.

अंबडच्या सोनाराकडे आम्ही तिघं गेलो. त्याच्यापुढे अडचण अशी, की लेकराचा ठसाच नव्हता. घोडेस्वार होता, पदर घेतलेली बाई होती. "बाईचाच लहान करून देऊ का?" त्याने विचारलं. वहिनी म्हणाल्या, "न्हाई. तिला पदर कुठला? केस मोकळे काढा. आन काखंत कोकरू."

"कोकरू कशाला, आजी?"

"तिला त्याच्याबिगर झोप न्हाई यायची."

सोनाराने हाताने ठोकून टाक केला. आठ दिवसांनी आणायला गेलो तेव्हा दादांनी तो चष्म्याजवळ धरून फिरवून फिरवून पाहिला. "हे कोकरू हाय का कुत्रं?" खरोखरच कान जरा चुकले होते. सोनार ओशाळला, परत करून देतो म्हणाला. वहिनी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं. "ऱ्हाऊ द्या. ठकूला चालंल. ती कुत्र्याच्या पिल्लालाबी घिऊन झोपायची." त्यांना असं हसताना पाहून मला एकाएकी आठवलं, की या बाई कधी काळी सोळा वर्षांच्या होत्या.

त्यानंतर त्या चार महिने होत्या. अवसेला टाक घासताना आता दहावी हकिगत सांगता येत होती, आणि ती ऐकायला सीमा तिकडून फोनवर असायची. वहिनी तो फोन देव्हाऱ्याला टेकवून ठेवत. ठकूने एकदा कोकराला स्वतःची भाकरी कशी चारली, घोड्याच्या पोटाखाली कशी झोपून गेली... इतकी वर्षं त्यांनी हे सगळं कुठे ठेवलं होतं कोण जाणे. एकही गोष्ट पुसट झालेली नव्हती.

त्यांच्या तेराव्याला भावकी पुन्हा जमली. वर्षाने वहिनींचा टाक होईल, तो कुठे बसवायचा यावर बोलणं निघालं. तात्याच म्हणाले, की सोजराबाईचा मान मोठा. तिनं घर उभं केलं. तिला वर, सासू-सासऱ्यांच्या शेजारी बसवा. सगळ्यांना ते पटलं, मलाही पटलं. दादा भिंतीला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "न्हाई. नवा टाक शेवटाला बसतो."

"आरं, पण तिचा मान..."

"रीत मोडायची न्हाई," दादा म्हणाले.

क्षणभर कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. रांगेत शेवटचा टाक ठकूचा आहे.

आता वडीगोद्रीला गेलो की मी सकाळी दादांजवळ बसतो. ते देव्हारा पुसतात. त्यांना नीट जमत नाही, चिंच जास्त घेतात. ठकूच्या पलीकडे अंगठ्याएवढी जागा त्यांनी मोकळी सोडली आहे. तिथे ते फूल ठेवत नाहीत, दिवाही सरकू देत नाहीत. पुसायला घेतात तेव्हा मात्र सगळ्यात आधी तेवढी जागा पुसतात.